भिमाजी गवंड्याचं पक्कं घर

निमोण्याच्या भिमाजी गवंड्याचा हात असा, की त्यानं रचलेल्या भिंतीला ओळंबा लावायची कुणाची छाती नव्हती. बोलायला मात्र अगदीच मुखदुर्बळ. बायको वारली, लहानगी अंजना दौंडला मावशीकडं गेली, आन् तवापासून घरात दोन शब्द बोलणारं कुणी उरलंच न्हाई. भाकरी थापायची, एकट्यानं खायची, पडायचं. रिकामं घर खायला उठतं म्हणतात, ते काय खोटं न्हाई.

चौऱ्याहत्तर साली त्याला दौंडच्या रेल्वे कॉलनीत डागडुजीचं काम लागलं. तिथल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हर साहेबाचं कुटुंब बिऱ्हाड गुंडाळून ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. जाता जाता मडमेनं त्याला पत्र्याचा डबा दिला. आत लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या विलायती विटा, एकीच्या डोक्यावरचे उंचवटे दुसरीच्या पोटात घट्ट बसणारे. तिची पोरं खेळून मोठी झालेली. भिमाजीला वाटलं, देव पावला! दिवाळीला अंजना येणार होती. विटांच्या नादानं पोर रमली, तर तिला कायमचीच ठेवून घ्यायची, असं त्यानं मनाशी धरलं.

पण गवंडीच तो! विटा नुसत्या एकीवर एक ठेवायच्या, हे त्याच्या जिवाला पटतंय व्हय? त्यानं सांध्यावर सांधा येऊ न देता झकास घर रचलं, अन् प्रत्येक विटेच्या पोटात सिमेंट भरलं. वर रोज पाणीसुद्धा मारलं, बोला आता!

अंजना आली. घर बघून हरखली, आन् लगेच मांडी घालून ते उकलायला बसली. निघेना.

"आप्पा, ह्ये सुटत का न्हाई?"

"सोडायचं कशाला, बाय? हत्ती नाचला तरी हलायचं न्हाई."

"मंग म्या काय करू?"

भिमाजी उठला. त्यानं छिन्नी घेतली. पहिल्याच घावाला वीट फुटली, मागोमाग दुसरी.

"राहू द्या, आप्पा," म्हणत ती उंबऱ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिनं मावशीचं नाव काढलं, तिसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी आणलं. शेवटी तोच तिला घेऊन दौंडला निघाला.

दारातच सगुणामावशीनं विचारलं, "एवढ्यात परत? करमलं न्हाई व्हय गं?"

"आप्पांनी समदं घर एकट्यानंच बांधून टाकलं, मावशी," अंजना म्हणाली. "मला काय ठेवलंच न्हाई."

भिमाजी दारातूनच मागं वळला. मावशीनं चहा टाकते म्हटलं, पण तो थांबला न्हाई.