कोरड्या नळाचं दर्शन

माझ्या व्यंगचित्रांनी देश सुधारतो असा माझा पक्का समज होता, म्हणून भाईंदरकडून पोस्टकार्ड आलं तेव्हा मी हरखूनच गेलो. 'तुमच्या चित्राने गावाचे पाणी अडले आहे. येऊन बघून जावे.' खाली नाव जानकीबाईंचं, अक्षर शाळामास्तरांचं. झब्बा चढवला, खांद्याला शबनम अडकवली आणि देश सुधारायला निघालो.

भाईंदरला उतरलो तर चहूकडे मिठागरं. मिठाचे ढीग उन्हात असे चकाकत होते की डोळे उघडवेनात. नवघर मागे टाकलं आणि खाजणातल्या (खाऱ्या पाण्याच्या दलदलीतल्या) बांधावरून चालू लागलो. एका ठिकाणी पाय सटकला तो थेट गुडघाभर चिखलात. समोरून डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक पोटुशी बाई आली. मला वळसा घालून, थेंबही न सांडता ती पुढे गेली.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर सरपंच तेही चौकटीत लावतील. वेशीवरच सिमेंटच्या ओट्यावर नळ होता, कोरडा ठणठणीत. शेजारी ग्रामपंचायतीची खोली. भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत साप्ताहिकातलं माझं चित्र: ढेरपोट्या सरपंच कोरड्या नळाचं उद्घाटन करतोय. चित्राला झेंडूचा हार. आणि त्याखाली साक्षात सरपंच, तस्सेच पोट पुढे काढून उभे. या गृहस्थांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. दादरच्या खोलीत बसून मनचाच कुणीतरी सरपंच काढला होता.

"बरोबर वलखलंत मला," सरपंच म्हणाले. "मिशी तेवडी नव्हती, ती चित्र बघून ठेवली."

"मग नळ का जोडत नाही?"

"पायप आनून ठेवलाय मागं. पन जोडला तं तुमचं चित्र खोटं पडल. आता ठान्याचं सायेब लोक नल बघायला येतान. पान्याचा नल काय, कुठं बी हाय."

मी कपाळाला हात लावला.

जानकीबाईंच्या ओटीवर तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोलंबीची) चटणी मिळाली. चटणी झणझणीत होती, तरी पाणी मागायची लाज वाटली. बांधावरची ती पोटुशी बाई यांचीच सून निघाली.

"आठवा म्हयना हाय तिला," जानकीबाई म्हणाल्या. "गोडी विहीर दीड मैल. परवा बांधावरनं घसरली. माजं गुडघं गेलं, न्हाय तं मीच आनलं असतं. तुमी चित्रात पानी काडा. सरपंच तुमचं ऐकतो, आमचं न्हाय."

सरपंचांना निरोप गेला. ते आले आणि लगेच कबूल झाले. "छापून आलं का दुसऱ्या दिवशी जोडतो. पन पोट हाय तेवडंच ठेवा."

तिथेच बसून चित्र काढलं. नळाला धो धो पाणी, पोट जसंच्या तसं. जानकीबाईंनी कागद दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ पाहिला, मग सुनेला दाखवला. सून हसली. इतकी वर्षं चित्रं काढतोय, पण खरंच सांगतो, असं भरून कधी आलं नव्हतं. परतताना सबंध वाट मी स्वतःला मनातल्या मनात हारतुरे घालत होतो.

संपादकांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"नळाला पाणी आलं. बरं. यात हसायचं काय?"

मी सगळं सांगितलं. जानकीबाई, आठवा महिना, मागे पडलेला पाईप.

"अहो, आपण साप्ताहिक काढतो, नळ जोडत नाही," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत दुसरं द्या. नाहीतर ही जागा दुसऱ्या कुणाला देतो."

प्रवासाने माणसाची नजर तयार होते म्हणतात, ते काही खोटं नाही. संध्याकाळच्या आत मी दुसरं चित्र दिलं. तोच कोरडा नळ, तेच पोट, समोर हंड्यांची रांग. रांगेत सगळ्यांत पुढे एक पोटुशी सून काढली. तिच्यामुळे चित्र फार खुललं, असं सगळेच म्हणाले.