काळी पडलेली अंडी

पलूसजवळच्या आमच्या लॅबमधले किस्से एकाला एक चिकटून येतात. पहिला मी रुजू झाले त्याच आठवड्यातला. उसाच्या खोडकिड्यावर सोडायच्या बारीक माशा वाढवायच्या, म्हणून पतंगाची पांढरी अंडी डिंकाने कार्डावर चिकटवून माशांच्या बरणीत ठेवली होती. काही दिवसांनी बघते तर सगळी काळी!

"सर, सडली हो!" मी किंचाळलेच.

"सडली नाहीत," उपाध्येसर शांतपणे म्हणाले. "माशीनं आत अंडं घातलंय, तिचं पिल्लू आतून खातंय. आता अंड्यातून पतंग नाही, माशीच निघणार."

त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

*

ते किंचाळणं शिवामामांनी ऐकलं नाही म्हणून वाचले. शिवामामा लॅबचे शेतावरचे गडी, आणि साताऱ्याच्या माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या पलटणीतले! अण्णांनी बीएस्सीनंतर नोकरीला पाठवलं ते अटीवर, "एकदा जरी घाबरून बोंब मारल्याचं कळलं, की नोकरी बंद. पाटणच्या स्थळाला होकार!"

कळवणार कोण? मामाच.

*

उपाध्येसर सांगलीचे जैन. मामा त्यांना डिवचायचे, "आवं सर, तुमी मुंगीबी मारत न्हाई, आन् हितं ही कत्तल?"

"मी कुठं मारतो?" सर बरणीचं फडकं बांधत म्हणाले. "मी फक्त दोघांची गाठ घालून देतो."

मला पाटण आठवलं!

*

एकदा शेतावर न्यायची कार्डं पिशवीत गरम भाकरीवर ठेवली. उबेनं माशा एसटीतच बाहेर!

शेजारची बाई म्हणाली, "पोरी, मानंवर काय चालतंय गं तुझ्या? तिखटावानी बारीक!"

पुढच्या सीटवर मामा. मी हललेसुद्धा नाही. "चावत नाहीत," एवढंच पुटपुटले. बाईनं जागा बदलली.

*

आणि हा परवाचा. डोक्याच्या वर गेलेला ऊस, टळटळीत दुपार, वारा नाही. पानांच्या खालच्या बाजूला कार्डं टाचायची. मी एका सरीत, मामा पलीकडच्या. उसात माणूस दिसत नाही, म्हणून मधूनमधून हाळी द्यायची आणि दुसऱ्यानं "व्हय" म्हणायचं, असा तिकडचा रिवाज. मी कधी देत नसे. मामांना ती बोंब वाटली तर?

पलीकडे वाळक्या पानांचं पाचट वाजत होतं. मी थांबले की थांबायचं, चालले की चालायचं. मामा आहेत, म्हणून बरं वाटत होतं.

सरी संपली. बांधावर आले तर लांब, विहिरीपाशी, मामा पाय धूत बसलेले!

मागे पाचट वाजलं. माझ्याजवळ येऊन थांबलं.

पाटण तर पाटण! "मामाऽऽ!" मी ओरडले. विहिरीवर मान वळली नाही. पुन्हा ओरडले. नाहीच. तिसऱ्यांदा जीव खाऊन हाक मारली.

"व्हय," उसातून आवाज आला, अगदी हाताच्या अंतरावरून.