बादलीचा फोटो, बाईचा फोटो

त्या पत्राची मला अजून चीड येते, कारण ते मीच टाइप केलं होतं.

धुळे जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत मी कारकून. एक दिवस सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची बाई तक्रार घेऊन आली, सोबत तिचा सासरा. घरकुलाच्या यादीत नाव लागलं का, हे विचारायला ती चार वेळा ग्रामपंचायतीत गेली होती. चौथ्या खेपेला लेकरू मांडीवर घेऊन फरशीवरच बसली, कारण खुर्ची दाखवणारं कोणी नव्हतं. ग्रामसेवकानं तिचा तसाच फोटो काढून फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, 'सरकारी जावई हजर.' खाली निम्मा तालुका खिदळलेला. तेव्हापासून बाईनं बाजाराला जाणं सोडलं होतं. तिचं मागणं एवढंच, तो फोटो तिथून निघावा.

"बठ्ठा गावनी दखं, भाऊ," सासरा म्हणाला. सगळ्या गावानं तो फोटो पाहिला होता.

आमच्या बीडीओ साहेबांनी अर्ज वाचला न वाचला आणि मला मजकूर सांगितला: सदर पोस्ट कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावरील असल्याने कार्यालयाचा संबंध नाही.

माझं डोकंच फिरलं. आमच्या ऑफिसात वैयक्तिक खातं नावाची चीज असते, हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांनी एखादं झाड लावलं की ती पोस्ट आम्ही सगळ्यांनी आपापल्या खात्यावरून शेअर करायची आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. न टाकणाऱ्याची केबिनमध्ये खरडपट्टी. दोन महिन्यांपूर्वी मी आमच्या रेकॉर्ड रूममधला फोटो टाकला होता, गळक्या छताखाली ठेवलेल्या बादलीचा. तासाभरात टेबलावर नोटीस. वैयक्तिक खात्यावरूनही कार्यालयाची प्रतिमा मलिन करता येणार नाही, म्हणे. मी शेपूट घातलं, फोटो डिलीट केला, माफीनामा लिहून दिला. बादलीला अब्रू होती, या बाईला नव्हती.

तरी पत्र टाइप केलं. सही झाल्यावर बाहेर नेऊन तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फोटो काढा तवय त्या डुटीवर व्हतात, का घर?"

फोटो काढताना ग्रामसेवक ड्युटीवर होता की घरी, हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं. साहेबांवरचा रागही बाजूला राहिला, स्वतःचीच लाज वाटली.

मी ड्रॉवरमधून माझी नोटीस काढली, समोरच्या दुकानातून तिची झेरॉक्स आणली आणि सासऱ्याच्या हातात दिली. "आबा, धुळ्याला झेडपीत अर्ज द्या. त्याला हे जोडा."

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. नोटीस बाहेर कोणी दिली, म्हणून विचारलं.

"मी दिली. ती माझी वैयक्तिक नोटीस आहे, साहेब. कार्यालयाचा संबंध नाही."

दुसरी नोटीस मला त्याच दुपारी मिळाली. बाईचा फोटो डिलीट कर, अशी एक ओळ मात्र ग्रामसेवकाला अजून गेलेली नाही.