अंगठ्याचे मोजे

इंग्लंडात श्रूजबरीला लेकीकडे आलेल्या गिरजाबाईंना विणकाम शिकताना मोज्याच्या टाचेने पार रडवलं. टाका सुटला की त्या सुया आपटायच्या. शेजारची मार्था, त्यांच्याच वयाची, मात्र हसत सगळं उसवायची आणि पुन्हा शिकवायची.

तिच्यासाठी नुसतं ‘थँक्यू’ तोकडं वाटलं, म्हणून पहिली जोडी गिरजाबाईंनी तिलाच दिली. मार्था बघतच राहिली. दोन्ही मोज्यांना अंगठा वेगळा!

“सोबत नागपूरची चप्पल दिलीय ना! मग अंगठा मोकळा नको?” गिरजाबाई फणकारल्या. लेकीने, हर्षिताने, ते इंग्रजीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मार्था तेच मोजे आणि चप्पल घालून बर्फातून आली.

“अगं बाई, घरात घालायचे गं ते!” गिरजाबाई ओरडल्या आणि खाली बसून तिचे ओले पाय आपल्या पदराने पुसू लागल्या.