मंत्र्यांसाठी पाच बाटल्या गुलाबपाणी

बेथेलवाडीत तीस घरं, एक देऊळ, एक आटलेली विहीर आणि एक मरियमबाई भिंगारदिवे होत्या. वाडी दोन गावांच्या शिवेवर होती. मतदान आलं की दोन्ही गावांचे सरपंच वाडीला आपली म्हणत. टँकर मागितला की दोघंही मोठ्या मनाने ती एकमेकांना देऊन टाकत. त्यामुळे त्र्याहत्तर सालचा मार्च उजाडला आणि आसपासच्या सगळ्या वस्त्यांना टँकर सुरू झाला, तरी बेथेलवाडीच्या बाया दोन मैलांवरून हंडे वाहत होत्या.

मरियमबाईंचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्याकडून मरियमबाईंना दोन गोष्टी मिळाल्या होत्या, एक अर्क काढायचा तांब्याचा भपका आणि दुसरी, खोटं न बोलण्याची खोड. पहिलीवर त्यांचं पोट चाले आणि दुसरीमुळे ते अधूनमधून रिकामं राही. नवरा गेल्यावर बावीस वर्षं त्यांनी याच भपक्यावर काढली. डोळे आले की लोक त्यांच्याकडून गुलाबपाणी नेत आणि घामोळ्या उठल्या की वाळ्याचं पाणी. तान्ह्या मुलाने रात्रभर रडून घर डोक्यावर घेतलं, की सकाळी त्याचा बाप बडीशेपेच्या अर्कासाठी दारात उभा. लग्नात गुलाबदाणी भरायची ती त्यांच्याच बाटलीतून, आणि शवपेटीवर खिळे ठोकण्याआधी मोगऱ्याचं पाणी शिंपडायचं तेही त्यांचंच. प्रत्येक बाटलीवर त्या स्वतःच्या गोल अक्षरात नाव आणि तारीख लिहून चिकटवत. एकदा बाजारातल्या मिठाईवाल्याने सुचवलं, "बाई, जरा रंग टाका की. गिऱ्हाइकाला गुलाबी लागतं."

"गुलाबी पाणी रंगपंचमीला मिळतं," मरियमबाई म्हणाल्या. "माझ्याकडं गुलाबाचं मिळतं."

मिठाईवाला पुन्हा आला नाही.

दुष्काळात मात्र भपका माळ्यावर गेला. फुलं नव्हती, आणि मुख्य म्हणजे पाणी नव्हतं. अर्काला पाणी लागतं ते बाटलीत भरायला नव्हे. हंड्यातली वाफ नळीतून तांब्याच्या चंबूत उतरते, आणि तो चंबू गार पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवावा लागतो. टाकीतलं पाणी कोमट झालं की काढायचं आणि दुसरं ओतायचं. काढलेलं पाणी तसंच स्वच्छ राहतं, फक्त गरम होतं.

सोमवारी दुपारी आप्पासाहेब जीपमधून उतरले. स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. दुष्काळ पाहायला मंत्री येणार होते, आणि मंत्री कोरडे आले तरी कोरडे जाऊ नयेत अशी समितीची इच्छा होती.

"मरियमबाई, बुधवारी पाच बाटल्या गुलाबपाणी पाहिजे. अस्सल. मागच्या खेपेला कोणीतरी दुकानातलं आणलं. साहेबांच्या खादीवर गुलाबी ठिपके पडले. भाषणभर ते देवी आलेल्या माणसासारखे दिसत होते."

"फुलं कुठायत, आप्पासाहेब?"

"डाकबंगल्याच्या बागेत लई हायत. साहेब उतरणार म्हणून तिथं दोन महिने रोज पाणी घालतोय."

"अन् पाणी?"

"किती लागतं?"

मरियमबाईंनी बोटांवर हिशोब केला. "तीस घागरी."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. "पाच बाटल्यांत तीस घागरी? एवढं आटवता?"

"आटवत नाही. ते पाणी बाटलीत जातच नाही, ते नुसतं—"

"तपशील नको. मी अध्यक्ष हाय." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. तीस घागरी पाण्याचं सत्त्व पाच बाटल्यांत उतरणार, या कल्पनेने त्यांचा चेहरा उजळला होता. "उद्या टँकर येईल."

मंगळवारी तांबडं फुटताच ड्रायव्हर मच्छिंद्र खरोखरच टँकर घेऊन हजर झाला. तीस घागरींसाठी सरकारकडे टँकरपेक्षा लहान वाहन नव्हतं, म्हणून आख्खा टँकर आला. मरियमबाईंनी टाकी चिंचेने घासून लख्ख केली, पाकळ्या हंड्यात घातल्या, सांध्यांना कणीक लिंपली आणि जाळ लावला. टाकीतलं पाणी पाच वेळा बदललं. टँकरमधलं उरलेलं पाणी आणि टाकीतून निघालेलं कोमट पाणी तीस घरांत गेलं. शेजारच्या बनुबाईंनी तीन आठवड्यांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मरियमबाय, आजपतूर सरकारनं आपल्याला पानी दिलं न्हाई. अन् आज दिलं ते तापवून दिलं!"

बुधवारी मंडपात गुलाबदाणी मरियमबाईंनी स्वतःच हातात धरली. समितीची पोरं ती खारकांच्या डब्यासारखी हलवत, हे त्यांनी पाहिलं होतं. मंत्री व्यासपीठावर चढले, त्यांच्यावर चार शिंतोडे पडले. त्यांनी डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

"वा! अगदी अस्सल. दुष्काळात गुलाब फुलवणारा तालुका!"

टाळ्या झाल्या. आप्पासाहेब लाजले. मंत्री शेजारच्या मामलेदारांकडे झुकले. "इथं परिस्थिती पुष्कळ बरी दिसते. यांचे दोन-तीन टँकर पलीकडच्या तालुक्याला देता येतील का पाहा."

मामलेदारांनी लगेच वही उघडली.

मरियमबाई तिथेच, हातभर अंतरावर उभ्या होत्या. आपल्याच गुलाबपाण्याच्या वासावर तालुक्याचं पाणी तोडलं जातंय हे त्यांना कळलं, आणि हातातली गुलाबदाणी एकदम जड झाली. वाडीला टँकर नव्हताच. आता ज्यांना होता, त्यांचाही जाणार. मंत्र्यांशी कसं बोलतात हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्या रोजच्यासारखंच बोलल्या.

"साहेब, फुलं तुमच्या डाकबंगल्यातली आहेत. आणि पाणी टँकरचं. पाच बाटल्यांसाठी तीस घागरी लागल्या. आमच्या वाडीत या वर्षातला पहिला टँकर काल आला, तोही तुमच्या अंगावर शिंपडायचं म्हणून."

आप्पासाहेब मंडपाचं कापड निरखू लागले.

"वाडीला टँकर का नाही?" मंत्र्यांनी विचारलं.

"सर, वाडी कोणत्या गावात मोडते याचा निर्णय व्हायचाय," मामलेदार म्हणाले. "एकोणसाठपासून प्रकरण चालू आहे."

मंत्री अनुभवी होते. एकोणसाठचं प्रकरण सोडवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. "गाव नसेल, पण उद्योग तर आहे ना? गृहोद्योगाला पाणी मंजूर करा. दर शुक्रवारी एक टँकर. उत्पादनाची तपासणी मात्र झाली पाहिजे. आणि ते पलीकडच्या तालुक्याचं राहू द्या."

अशा रीतीने जे पाणी माणसांना पिण्यासाठी मिळत नव्हतं, ते गुलाबाला मिळालं, आणि गुलाबाच्या नावावर माणसं ते पिऊ लागली.

अडचण एकच होती. मंत्री गेले आणि डाकबंगल्याच्या बागेचं पाणी बंद झालं. दोन आठवड्यांत गुलाब करपले. बनुबाई म्हणाल्या, "नुसत्या बाटल्या भरून ठिवा. कोन बगतंय?" पण भपका न पेटवता टँकर उतरवून घेणं मरियमबाईंना जमेना. पाणी अर्कासाठी आलंय, तर अर्क निघालाच पाहिजे. दुष्काळाला न जुमानता एप्रिलमध्ये एकच झाड फुललं होतं. त्यांनी कडुनिंबाचा मोहर झाडून गोळा केला, दर शुक्रवारी त्याचाच अर्क काढला आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या: कडुनिंबाच्या फुलांचं पाणी. घामोळ्यांना ते बरं पडे.

एप्रिलअखेर तपासनीस आले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि मंजुरीचा कागद काढला.

"बाई, मंजुरी गुलाबाची आहे. हे कडुनिंब आहे."

"हो, कडुनिंबच आहे."

"मग टँकर बंद करावा लागेल." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दारात बनुबाई आणि त्यांच्यामागे सगळी वाडी घागरी घेऊन उभी होती. तपासनिसांचा आवाज खाली आला. "चिठ्ठी बदला ना. गुलाब लिहा. मी वास घेत नाही."

मरियमबाईंनी घागरींकडे पाहिलं. एका शब्दावर तीस घरांचं पाणी होतं. मग बाटलीवरच्या चिठ्ठीची सुटलेली कड त्यांनी अंगठ्याने दाबून बसवली.

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "एखाद्याने हे गुलाबपाणी समजून मिठाईत घातलं तर? तुमच्या कागदावर तुम्ही काय लिहायचं ते लिहा. बाटलीवर मी लिहीन."

"मरियमबाय!" बनुबाई कळवळल्या.

तपासनीस एक बाटली घेऊन गेले.

पुढचा शुक्रवार उजाडला. सात वाजले, आठ वाजले. वाडीत मरियमबाईंशी कोणी बोलेना. बनुबाईंनी तर पाठच फिरवली होती. नऊच्या सुमाराला रस्त्यावर धूळ उठली आणि मच्छिंद्रचा हॉर्न वाजला. त्याने टँकर उभा केला आणि खिशातून घडी घातलेला नवा आदेश काढला. मरियमबाईंनी तो उभ्या उभ्या वाचला. आदेशात दुरुस्ती करण्यात आली होती.

"उत्पादन: गुलाबपाणी. गुलाबाची जात: कडुनिंब."

त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला, घडी घालून मच्छिंद्रला परत दिला आणि जाळ लावायला आत गेल्या. बाहेर बायांची भांडणं सुरू झाली होती, पहिली घागर कोणाची म्हणून.