मोहाखालचं काळं रिंगण

कामगाराला आठ तासच काम असावं, अशी पत्रकं आम्ही रात्र रात्र जागून छापायचो. यात काही हसण्यासारखं आहे असं तेव्हा आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. हसायलाही थोडी फुरसत लागते.

नागपुरात गिरणीच्या मागच्या गल्लीत आमची कचेरी होती. एक खोली, पायानं चालवायचं छापयंत्र आणि आंबलेल्या खळीची बादली. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत फाटकावर पत्रकं घेऊन उभं राहायचं. पाळी सुटली की सभा, सभा सुटली की भिंती रंगवायच्या, आणि कागदाच्या गठ्ठ्यावर पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा भोंगा. कोणी थकलो म्हणालं, की आमचे पुढारी म्हणायचे, "थकायला तू काय मालक आहेस?" सगळे हसायचे आणि थकलेला माणूस शरमेनं उठायचा. मालकाला हे वाक्य सुचलं नाही, हे त्याचं दुर्दैव.

भोंगा नसतानाही मला भोंगा ऐकू यायला लागला. एकदा चाळीत एका कामगाराचं तान्हं मूल तापानं गेलं. त्याची बायको उंबऱ्यात बसून होती, रडतही नव्हती. तिच्याकडे बघत मी मनातल्या मनात मथळा जुळवत होतो. दोन ओळींत बसवावा की तीन. बाहेर येऊन मी ठरवलं, बस झालं.

जायचं कुठे हे ठरलेलंच होतं. धानोऱ्याकडच्या रानात आमचं गाव. शेती आम्हाला कधीच नव्हती. होती ती बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडची मोहाची तीन झाडं. आमच्याकडे मोहाची झाडं घराघराला वाटलेली असतात. कागद नाही, शिक्का नाही, पण कोणतं झाड कोणाचं हे पोरासोरांनाही माहीत. बाप त्याच झाडांवर जगला. चैतात फुलं वेचून वाळवायची, व्यापाऱ्याला घालून तांदूळ-मीठ आणायचं, पुढे तेंदूपान, पावसाळ्यात दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणं. त्यात माझं एक पोट सहज भागलं असतं. यंत्राच्या खडखडाटात ती झाडं मला डोळ्यांपुढे दिसायची. एवढ्यावरच मी गेला हिवाळा काढला होता.

"मी चाललो," मी पुढाऱ्यांना सांगितलं.

"किती दिवस?"

"कायमचा."

त्यांनी मुद्रितावरची मान वर केली नाही. "बरं. जायच्या आधी हे पान तपासून जा."

तपासलं. पानाच्या माथ्यावर मीच घातलेली ओळ होती : कसेल त्याची जमीन.

नागभीडला गाडी बदलून वडसा, तिथून मिळेल त्या मोटारीनं गडचिरोली, पुढे कोणाच्या तरी बैलबंडीत आणि शेवटी पायी. घराला कुलूप. बाप गेल्यावर माय एकटीच राहत होती. मी येत नाही म्हणून दोन वर्षांमागे ती तिच्या बहिणीकडे गोंडपिपरीला निघून गेली होती. छपराचे कवेलू सरकले होते, आत वाळवी. मला काही वाटलं नाही. पहाटे टोपली घेऊन मी बोडीकडे निघालो.

वासानंच झाडं सापडली. पण पहिल्याच झाडाखाली मी थबकलो. बुंध्याभोवती काळं, साफ रिंगण होतं.

ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पालापाचोळा झाडून जाळतात, म्हणजे काळ्या भुईवर पांढुरकी फुलं नीट दिसतात. ज्याचं झाड त्यानंच जाळ घालायचा, दुसऱ्याच्या झाडाखाली काडीही ओढायची नाही. माझ्या तिन्ही झाडांखाली काळी रिंगणं होती, आणि त्यांत एक बाई आणि तिची मुलगी वाकून फुलं वेचत होत्या. आमच्या घरामागची गोंडाची विधवा. मी लहान असताना तिनं मला खांद्यावर घेऊन बोडी ओलांडली होती.

"कवा आला गा?" तिनं न थांबता विचारलं. "वाळून गेलास पुरा. नागपुरात भात नाई भेटत काय?"

"बाई, ही झाडं आमची आहेत."

"होती ना. कोण नाई म्हन्ते?"

"मग?"

आता ती उभी राहिली. "मंग काय? एक साल पाह्यलं, फुलं सडली, डुकरं खाऊन गेली. मंग मी भूमकाले इचारलं अन् जाळ घातला. जंगलाचा नाकेदार आला, जाळ काऊन घातला म्हने, अन् माह्या दोन कोंबड्या घेऊन गेला. तवा तू कुठी होता?"

मी नाकेदारावर बोलायला लागलो. जंगल कोणाचं, कोंबड्या कोणाच्या, हा कसला कायदा. मुलगी फिसकन हसली. "माय, हा तं सभा घेऊन राह्यला!"

मी भूमकाकडे गेलो. गावचा देव आणि गावाची झाडं-जमीन, दोन्हींचा निवाडा त्याच्याकडे. म्हातारा दोरी वळत बसला होता. मी बापापासून सुरुवात केली, वहिवाट, हक्क, नागपूर, सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जाळ कोनाचा?"

"या वर्षी तिचा. पण —"

"मंग झाड तिचं." दोरी वळतच तो म्हणाला. "तुले भूक असन तं माह्या घरी जेव. पाव्हना हायस."

पाव्हना! मी तिथून तरातरा निघालो. अन्याय झाला असता तर मी आठ दिवस भांडलो असतो, मला तेवढंच येतं. पण हे माझंच म्हणणं होतं. फाटकाफाटकावर घसा फोडून मी हेच सांगत होतो, की जो राबतो त्याचं, आणि दूर बसून हक्क सांगणाऱ्याचं काही नाही. इथे दूर बसलेला मी होतो. रानाच्या मधोमध उभं राहून शिव्या घालाव्या असा कोणी मला सापडेना.

परत झाडांपाशी आलो तेव्हा तिनं झाडाच्या सावलीत टोपली सरकवली. "वेचू लाग. अर्धं तुयं, अर्धं माह्यं. एकटीनं होत नाई आता, कंबर धरते."

अर्धेलीवर राबवून घेणाऱ्यांविरुद्ध मी चार पानी पत्रक लिहिलं होतं. ती मालकीण आणि मी तिचा अर्धेलीचा गडी, असं काही तिच्या मनातही नव्हतं. तिला माझी कीव आली होती, इतकंच. मी वाकलो. पार ऊन चढेपर्यंत वेचलं. बोटं चिकट झाली, पाठ भरून आली, आणि कित्येक महिन्यांनी कानात भोंगा नव्हता. हेच तर मला हवं होतं. पण झाड तिचं, फुलं तिची, तिच्या पोरीचा घास. एकाच्या पोटाला पुरणाऱ्या झाडांवर त्या दोघी जगत होत्या, त्यात तिसरा मी.

माझा अर्धा वाटा मी तिच्या टोपलीत ओतला.

"काऊन गा? रागावला?"

"नाही बाई. गाडी आहे."

"आत्ता तं आला."

मी वाटेला लागलो. बोललो असतो तर सभा झाली असती.

कचेरीत शिरलो तेव्हा यंत्र चालू होतं. पुढाऱ्यांनी एक पान पुढे सरकवलं, "मथळा टाक." मी बाकावर बसलो. बोटांना अजून मोहाचा गोडसर वास होता. शाई लागेपर्यंत तो राहिला.