आरशातला हात आणि डमी तोफ

माझी शेवटची पोस्टिंग नाशिकरोडच्या एका फिजिओथेरपी सेंटरवर झाली, असं मी गमतीने सांगतो. पॅरालिसिसच्या झटक्याने उजवा हात लाकूड झाला होता. मी तोफखान्यातला रिटायर्ड हवालदार. कुणावर चटकन विश्वास ठेवणं अंगातच नाही. हात पुन्हा कामाला येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि बायको सुमनसकट सगळे माझ्यापासून लपवतायत, अशी माझी खात्री होती.

थेरपिस्ट गायत्री मॅडम निफाडच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी टेबलावर माझ्या दोन्ही हातांच्या मधे आरसा उभा केला. उजवा हात आरशामागे झाकलेला. डावा हलवून आरशात बघायचं, म्हणजे उजवाच हलतोय असं दिसतं आणि मेंदूला वळण लागतं, म्हणाल्या.

"म्हणजे डमी," मी म्हणालो. मला डमीचा राग आहे.

सीमेवर आम्ही खऱ्या तोफांपासून लांब लाकूड-पाइपची डमी तोफ उभी केली होती. आम्ही फायर केलं की तिच्याजवळ बारूद पेटवून चमक दाखवायची, म्हणजे शत्रू तिथे गोळे टाकतो. ते काम माझ्या हाताखालच्या, हरसूलच्या नाईक रामदास भोयेने मागून घेतलं. गोळे येऊ लागले तसं मी रेडिओवर सांगितलं, "भोये, मागे ये. ओव्हर."

"तुमच्याकडं नाय ना पडत, उस्ताद? मग चालू द्या. ओव्हर."

त्यानंतर सेट बंद. आमच्या तोफांवर एकही गोळा पडला नाही.

त्याच्या स्मृतिदिनाला मी दरवर्षी हरसूलला त्याच्या स्मारकापुढे सॅल्यूट करायला जातो. हाताविना या वर्षी जाणार नाही, असं मी सुमनला बजावलं होतं.

तरी मॅडम मला रोज आरशापुढे बसवायच्या. एका सकाळी आरशामागे उजवा अंगठा हलल्यासारखा वाटला. मॅडमचा हात आरशाजवळच होता. त्याच हलवत असतील, असा मला संशय आला.

"दोन्ही हात वर करा."

"अहो, त्या काय अतिरेकी आहेत का?" शेजारी बसलेली सुमन म्हणाली.

"तू पण."

दोघी मुकाट्याने हात वर करून उभ्या राहिल्या. मी डावा अंगठा हलवला आणि मान वाकडी करून आरशामागे बघितलं. उजवा हलला. पुन्हा हलवला, पुन्हा हलला. मला रडू फुटलं. त्यांचे हात खाली करायला सांगायचंही राहून गेलं.

हरसूलला गेलो तेव्हा हात जेमतेम छातीपर्यंत आला. सुमन कोपराला आधार द्यायला पुढे झाली, मी नको म्हटलं. तेवढ्याच सॅल्यूटवर त्याला रिपोर्ट दिला.

"डमीने काम केलं, भोये. ओव्हर."

आणि सवयीने उत्तरासाठी थांबलो.